शिवडा आणि मरळीसाठी रॉड घेण्याआधी

इंदापूर तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी भरणं हा धंदा. त्याच टेबलावर गळवाल्या मित्रांचे मासे धरायचे मोडलेले रॉडही दुरुस्त होतात. रॉडवर गाइड, म्हणजे दोरी ज्यांतून जाते त्या कड्या, बसवायला दोरा वेढ्याला वेढा लागून गुंडाळावा लागतो, वर इपॉक्सी चढवावं लागतं, आणि वायंडिंगवाल्याचा हात या कामाला बसलेलाच असतो. उजनीचं बॅकवॉटर जवळ असल्यामुळे नवा रॉड घ्यायच्या आधी पोरं दुकानात डोकावतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "काका, दहा किलोचा मासा निघंल असा रॉड सांगा."

मी विचारतो, "मासा कुठनं काढायचाय?"

रॉडची निवड याच उत्तरावर ठरते. उघड्या, खोल पाण्यात मोठा शिवडा लागला तर त्याला पळू देता येतं. रीलवर दोरी भरपूर असली की मध्यम ताकदीचा रॉडही त्याला दमवतो. तोच शिवडा बुडालेल्या बाभळीशेजारी लागला तर पहिल्या चार-पाच मीटरमध्ये त्याचं तोंड आपल्याकडे वळवावं लागतं. तेवढं जमलं नाही की दोरी काट्यात गेलीच म्हणून समजा. आणि जलपर्णीतल्या दीड-दोन किलोच्या मरळीला त्याहूनही ताठ रॉड लागतो, कारण ती येताना स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जलपर्णी ओढून आणते. माशाचं वजन दुय्यम आहे, जागा पहिली.

म्हणून दुकानात जायच्या आधी काठ बघून या. मे महिन्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे उपयुक्त साठा संपला, की उजनीचा तळ उघडा पडतो. पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. जुन्या वस्त्यांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं, गाळपेरीची कुंपणं, टाकून दिलेल्या पाइपलाइनी, सगळं डोळ्यांना दिसतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि खुणेला काठावरचं झाड किंवा विजेचा खांब धरा. पावसाळ्यानंतर यावर पाणी चढतं आणि मोठे मासे नेमके याच आडोशाला बसतात. तुम्ही उभे राहणार तिथून अडथळा किती लांब आहे, मध्ये काय आहे, पाठीमागे रॉड फिरवायला जागा आहे का, हे कळलं की अर्धा रॉड ठरला.

दोन मासे, दोन स्वभाव

शिवड्याला खवले नसतात. अंग चपटं, शेपटीकडे निमुळतं, आणि तोंड डोळ्याच्याही मागपर्यंत फाटलेलं. दात बारीक असतात, पण जबड्यावर त्यांचे पट्टे असतात, कानशीसारखे. पातळ दोरी त्यावरून घासली की झिजते आणि ऐन वेळी तुटते. हा मासा संध्याकाळनंतर आणि पहाटे जास्त हिंडतो, चिलापीच्या पिलांमागे उथळ पाण्यातही येतो. पहिली ओढ जड असते आणि तळाच्या दिशेनं जाते. त्या वेळी रॉडनं दोन कामं करायची असतात. झटका पोटात घ्यायचा आणि हळूहळू माशाला वर उचलायचं. नुसता ताठ दांडा पहिलं काम करत नाही, नुसती लवचिक काठी दुसरं करत नाही.

मरळीचं वेगळं. ती हवेतला श्वास घ्यायला वर येते, त्यामुळे पाण्यावर उठलेल्या वर्तुळावरून तिचा पत्ता लागतो. जलपर्णीच्या कडेनं किंवा तिच्यातल्या मोकळ्या खिडकीतून रबरी बेडूक ओढला की ती खालून घेते आणि त्याच दमात मागे वळून गवतात शिरते. तोंड हाडाचं. बेडकाचा जाड दुहेरी गळ त्या हाडात रुतवायला हिसका जोरात बसावा लागतो, आणि हिसक्यापाठोपाठ तिला वर आणावं लागतं. इथे रॉडनं वाकत बसून चालत नाही.

एक विनंती इथेच करतो. पावसाळ्यात मरळ पिलं सांभाळते. पाण्यावर लालसर पिलांचा थवा एकत्र हलताना दिसला तर खाली आई-बाप असतात आणि ते कशावरही तुटून पडतात. त्यांच्यावर बेडूक टाकू नका. पालक गेले की पिलं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.

रॉडवर छापलेली ओळ

हँडलच्या थोडं वर कंपनीनं एक ओळ छापलेली असते. उदाहरणार्थ, साडेसात फूट, एमएच, लाइन 15–30 एलबी, लुअर 15–45 ग्रॅम. रॉडचा रंग आणि खोक्यावरचा उडी मारणारा मासा बघण्याआधी ही ओळ वाचा.

सगळ्यात उपयोगाचा आकडा लुअरच्या, म्हणजे खोट्या आमिषाच्या, वजनाचा. 15–45 ग्रॅमच्या रॉडवर 7 ग्रॅमचा छोटा बेडूक लावला तर फेकताना ब्लँक, म्हणजे रॉडचा दांडा, वाकतच नाही आणि बेडूक पायाशी पडतो. उलट 80 ग्रॅमचं शिसं बांधून जोरात फेकलं तर फेकतानाच रॉड जातो. माझ्याकडे येणाऱ्या काही रॉडना मासा कधी लागलेलाच नसतो, ते असे फेकण्यात मोडलेले असतात. रबरी मासोळी वापरणारे आणखी एक गोष्ट विसरतात. पाकिटावर लिहिलेलं वजन पुष्कळदा फक्त जिग हेडच्या, म्हणजे गळाला जोडलेल्या डोक्याच्या, शिशाचं असतं. 14 ग्रॅमच्या जिगवर 15 ग्रॅमचं रबर चढवलं की ते 29 झालं. स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर तुमची नेहमीची लुअर तोला. सगळ्यात हलकी आणि सगळ्यात जड लुअर रॉडच्या आकड्यांच्या आत बसली पाहिजे, आणि नेहमी वापरता ती मधोमध.

एलबी म्हणजे पौंड. एक पौंड साधारण 450 ग्रॅमचा, म्हणजे 30 एलबी हे साडेतेरा किलो झाले. हा दोरीच्या ताकदीचा आकडा आहे. साडेतेरा किलोचा मासा रॉडनं उचलता येईल असा त्याचा अर्थ घेऊ नका. रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोरी सुटायची ते ठरवणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतात, त्यामुळे 30 एलबीच्या दोरीवर रॉडला प्रत्यक्षात साडेतीन ते साडेचार किलोची ओढ सोसायची असते. ही ओढ फार वाटत नाही. पण रॉड आडवा धरून तीन किलोची ओढ मिनिटभर सोसून बघा, मनगट सांगेल.

एमएच म्हणजे मीडियम हेवी, एच म्हणजे हेवी. ही ताकद झाली, म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे रॉड कुठे वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड टोकाकडच्या भागात वाकतो, मॉडरेट मध्यापर्यंत, स्लो जवळजवळ मुठीपर्यंत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, दुकानदारही त्यांची गल्लत करतात. शिवाय या अक्षरांना ठरलेलं माप नाही. एका कंपनीचा एमएच दुसऱ्या कंपनीच्या एचइतका ताठ निघतो. म्हणून अक्षरापेक्षा ग्रॅमवर विश्वास ठेवा.

आता माझं मत. काठावरून शिवड्यासाठी स्पून (चमच्यासारखी धातूची लुअर), खोल जाणारी लुअर किंवा रबरी मासोळी टाकणार असाल तर साडेसात ते आठ फुटांचा एमएच घ्या, लुअर 15–45 ग्रॅमच्या आसपास, ॲक्शन मॉडरेट फास्ट. या लुअरना पातळ तारेचे तिहेरी गळ असतात. फार ताठ रॉडनं ओढलं की गळ सरळ होतात किंवा मांस फाडून निघतात, म्हणून मध्यापर्यंत वाकणारा रॉड इथे शोभतो. मरळीच्या बेडकासाठी साडेसहा ते सात फुटांचा एच, फास्ट, लुअर 10–30 ग्रॅम. तळाला आमिष टाकून बसायचं असेल तर तिसराच प्रकार येतो. नऊ-दहा फुटांचा, 80 ते 150 ग्रॅम शिसं फेकणारा रॉड. त्यावर सर्कल गळ, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, लावा. तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो आणि मासा जिवंत सोडता येतो.

"तिन्हीला चालंल असा एक सांगा," असं म्हणणाऱ्यांना मी साडेसात फुटांचा एमएच सांगतो, आणि जलपर्णीत जाऊ नका असंही सांगतो.

लांब रॉड म्हणजे जास्त ताकद हा समज सोडा

लांब रॉडनं लुअर दूर जाते, काठच्या गवतावरून दोरी उचलून धरता येते, हे खरं. पण मासा ओढताना रॉड ही उलटी तरफ असते. टेकू तुमच्या हातात आणि जोर माशाच्या बाजूला. मुठीपासून टोकाचं आडवं अंतर जितकं जास्त, तितका मनगटावरचा भार जास्त. दहा फुटी ताठ रॉडवर तीन किलोची ओढ माणसाला लवकर थकवते. सात फुटीवर तीच ओढ आरामात पेलते. चांगला रॉड जोर वाढला की खालपर्यंत वाकत जातो, त्यामुळे टोक जवळ येतं आणि भार आपोआप कमी होतो.

होडीतून टाकणार असाल तर साडेसहा-सात फुटांच्या वर जाऊ नका. मासा होडीच्या बाजूला आला की लांब रॉड उभा धरावा लागतो, आणि उभ्या धरलेल्या रॉडसारखी मोडायची दुसरी जागा नाही. सगळा वाक टोकाच्या वीतभर भागात गोळा होतो, खालचा जाड भाग नुसता उभा राहतो. काठावरही हेच लक्षात ठेवा. मासा जवळ आला की रॉड कलता ठेवून मागे सरका आणि लांब दांड्याचं जाळं वापरा. मासा रॉडनं उचलून काठावर घेऊ नका.

रीलच्या खालचं हँडलही मोजा. जड लुअर दोन हातांनी फेकायची तर रीलपासून बुडापर्यंत तीस-पस्तीस सेंटिमीटर हवं. रील हातात धरल्यावर बूड कोपराच्या थोडं पलीकडे जातं का बघा. त्याहून लांब असेल तर लुअर ओढताना ते बरगडीला आणि शर्टाला अडकत राहतं. बेडूक झटक्यानं चालवायचा असेल तर आखूड बरं.

कार्बन, ग्लास, आणि डोक्यावरची तार

बाजारात तीन प्रकारचे ब्लँक मिळतात. ग्लास फायबरचा जड, पण मार खाणारा. कार्बनचा, ज्याला ग्रॅफाइटही म्हणतात, हलका. लुअर तळाच्या दगडाला लागली की तो हातात सांगतो, पण त्यावर टोचा पडला की गेला. आणि दोन्ही मिसळलेला कॉम्पोझिट. मोटारसायकलवर बांधून कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्या, दगडी काठावर रॉड टेकवणाऱ्या माणसानं पहिला रॉड कॉम्पोझिट घ्यावा असं मला वाटतं. तळाच्या आमिषासाठी तर ग्लास उत्तमच. दिवसभर लुअर फेकणाऱ्याला मात्र कार्बनच हवा, कारण पन्नास-साठ ग्रॅमचा फरक संध्याकाळी खांद्याला कळतो.

कार्बनचा रॉड अचानक मोडला असं लोक म्हणतात. मोडलेली कड नखानं चाचपून बघा. पुष्कळदा तिथे जुना, पांढुरका टोचा सापडतो. जड स्पून लटकता ठेवून गाडीवर नेला, तो रस्ताभर ब्लँकवर आपटत राहिला, आणि पुढे कधीतरी मासा लागल्यावर नेमका तिथे रॉड फुटला. नेताना लुअर काढून ठेवा, रॉड पीव्हीसी पाइपमध्ये घाला. आमच्याकडे अडीच इंची पाइपचे तुकडे कोणाच्याही शेतात मिळतात.

आता धंद्याच्या माणसाचं ऐका. मोटारीच्या वायंडिंगला आम्ही काचतंतूची स्लीव्ह घालतो ती वीज अडवायला. कार्बन मात्र वीज वाहतो. उजनीच्या काठानं उपशाच्या मोटारी आहेत, त्यांच्यासाठी 11 केव्हीच्या तारा आल्यात, आणि पाणी मागे हटलं की शेतकरी मोटारी पुढे सरकवतात तेव्हा केबली तात्पुरत्या बांबूंवरून किंवा जमिनीवरूनच नेलेल्या असतात. नऊ फुटांचा रॉड डोक्यावर घेऊन फेकायला हात वर केला की टोक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातं. तुम्ही बांधावर उभे असाल आणि तार झोल खाऊन खाली आलेली असेल तर अंतर उरत नाही. ग्लासचा रॉड आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. ओला रॉड, चिखल लागलेलं हँडल, ओली दोरी, यांतून वीज येते. नवी जागा असेल तर पहिलं काम वर बघणं. तारेखाली रॉड जोडूही नका, तार मागे टाकून निदान तीस-चाळीस पावलं पुढे जा. पाण्यात उतरलेली केबल दिसली तर त्या बाजूला पाय घालू नका. आणि वळवाच्या ढगात गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा ठेवून द्या, पाण्यापासून दूर व्हा, पक्क्या इमारतीत किंवा चारचाकीत बसा. झाडाखाली थांबू नका. रॉडची लांबी आणि ब्लँक ठरवताना हा विचार आधी करा. तुमच्या काठावर तारांचं जाळं असेल तर नऊ फुटी कार्बन ती जागा सोडून दुसरीकडे वापरा.

दुकानात काय तपासाल

आपलं रील, त्यावर भरलेली दोरी, थोडा कापूस आणि प्रवासाचं सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा बरोबर न्या. दुकानदाराला आधी विचारा. समजूतदार असेल तर हो म्हणतो.

रॉड जोडून बूड डोळ्याजवळ धरा आणि उजेडाकडे तोंड करून सगळ्या गाइडमधून बघा. कड्या एका रेषेत असल्या पाहिजेत. एखादी थोडी तिरकी असेल तर ती इपॉक्सीत तशीच घट्ट झालेली असते, हातानं सरळ होत नाही. मग प्रत्येक गाइडच्या आतून कापूस गोल फिरवा. तंतू अडकले तर आतल्या चिनी मातीच्या कडीला तडा आहे. हा तडा डोळ्यांना दिसत नाही, पण ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतूंची विणलेली, दोरी तो कापतो. टोकाची गाइड दोनदा तपासा. जड ओढीच्या रॉडला खालच्या मोठ्या गाइड दोन पायांच्या असाव्यात. एका पायाच्या हलक्या असतात, पण दगडावर पडल्या की वाकतात.

जोड कसा बसतो बघा. दोन तुकडे थोडे तिरके घालून फिरवत सरळ करायचे. घट्ट बसल्यावर हलवलं तर टकटक आवाज येता कामा नये. फेकताना जोड सैल होणं हे रॉड मोडायचं मोठं कारण आहे. जोडावर मेणबत्तीचं मेण अगदी पातळ घासलं तर पकड चांगली येते, आणि पाण्यावर असताना मधूनमधून जोड दाबून बघायची सवय लावा. पिशवीत मावतात म्हणून चार-पाच तुकड्यांचे आणि दुर्बिणीसारखे एकात एक जाणारे रॉड लोक घेतात. चार तुकड्यांचे चांगले मिळतात. एकात एक जाणारा रॉड मात्र शिवड्यासाठी घेऊ नका. वाळूचे कण आत जाऊन घासतात, आणि टोकाजवळच्या पातळ नळ्या जड ओढीला टिकत नाहीत.

रील सीटवर स्वतःचं रील बसवा, नट आवळा, आणि रील डावी-उजवीकडे हलवून बघा. जराही हललं तर रॉड ठेवून द्या.

आता काटा. दोरी सगळ्या गाइडमधून काढून टोकाला काट्याचा हुक बांधा. मित्राला चार-पाच मीटरवर जमिनीलगत काटा धरायला सांगा. ड्रॅग आवळा, रॉड साधारण पंचेचाळीस अंशांवर धरा आणि हळूहळू ताण वाढवा. झटका द्यायचा नाही, रॉड उभा करायचा नाही, समोर काच किंवा माणूस नसावा, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. दीड किलोला वाक मुठीपर्यंत पोचला आणि पुढे जोरच उरला नाही तर तो रॉड शिवड्याचा नाही. तीन किलोला टोक काट्याकडे बघतंय, वाक मध्यापर्यंत आलाय आणि खालचा तिसरा हिस्सा अजून टणक आहे, असा रॉड हवा. तीन किलोला फक्त टोकच वाकलं आणि तुमचा हात थरथरायला लागला तर रॉड मजबूत असेल, पण तुमच्यासाठी नाही. पंधरा वर्षांच्या पोराला आणि त्याच्या बापाला एकच रॉड बसेल असं नसतं. ज्याच्या हातात रॉड जाणार आहे त्यानंच ही परीक्षा घ्यावी.

ऑनलाइन मागवलात तर हेच सगळं घरी, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून, परत पाठवायची मुदत संपायच्या आत करा. प्रवासात टोक मोडणं नेहमीचं आहे.

रील, दोरी आणि पैसे

शिवड्याच्या रॉडला 4000 ते 5000 आकाराचं स्पिनिंग रील, 30–40 एलबी ब्रेड, आणि पुढे हातभर ते दोन हात लांबीचा जाड तंगुसाचा (नायलॉनच्या एकेरी दोरीचा) तुकडा, 60 एलबीच्या आसपास, त्याला लीडर म्हणतात. त्या कानशीच्या दातांसाठी हा लीडर सोडू नका. मरळीला 40–50 एलबी ब्रेड. गवत कापत यायचं असतं म्हणून इथे जाड दोरीला पर्याय नाही. छापलेल्या लाइनपेक्षा ब्रेड ताकदवान झाली तरी चालते, ड्रॅग मात्र रॉडला झेपेल एवढाच लावा. दोरी तुटत नाही म्हणून रॉड मोडतो, असे रॉड माझ्या टेबलावर नेहमीच असतात.

हातात पाच हजार असतील तर दोन हजार रॉडला, दोन हजार रीलला आणि हजार दोरी, लीडर, स्विव्हल, पक्कड यांना ठेवा. चार हजारांचा रॉड आणि पाचशेचं रील ही जोडी घेऊ नका. शिवड्याच्या पहिल्या ओढीला अडखळणारा ड्रॅग कुठलाच रॉड सांभाळून घेत नाही.

महासीरबद्दल थोडं

महासीरसाठी हाच रॉड चालेल का, असंही विचारतात. त्याचे दात जबड्यावर नसून घशात असतात, आणि तिथे तो हलके गळ आणि कड्या चेपून टाकतो. वाहत्या पाण्यात तो लांब पळतो, म्हणून आठ-नऊ फुटांचा, मध्यापर्यंत वाकणारा रॉड आणि रीलवर दीडशे मीटरहून जास्त दोरी लागते. पण कुठे टाकता हे आधी बघा. महाडजवळ काळ नदीतल्या वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळशाला हे मासे देवाचे म्हणून राखले आहेत. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरचं केंद्र कित्येक दशकं महासीरचं बीज तयार करतंय. इतक्या लोकांनी जपलेला मासा परवानगी असलेल्या जागीच, एकेरी बिनकाट्याच्या गळावर धरावा आणि सोडून द्यावा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात. तिथे गळ टाकायचा विचारही नको. इतर धरणांत मासेमारीचा ठेका पुष्कळदा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. जायच्या आधी त्यांना विचारा. भोई मंडळींशी नीट बोललात तर कुठे खोड आहे आणि कुठे विहीर, हेही ते सांगतात.

शिवडाही आता जगभरातल्या धोक्यातल्या माशांच्या यादीत आहे. मोठी मादी सोडून द्यायची तर ती लवकर काठाशी आली पाहिजे. अर्धा तास झुंजवून अर्धमेली केलेली मासळी पाण्यात सोडली तरी जगेलच असं नाही. जरुरीपेक्षा हलका रॉड घेऊन मोठा मासा काढण्यात काहीजण मोठेपणा मानतात. मला ते पटत नाही. ताकदीचा रॉड आणि नीट लावलेला ड्रॅग यांनी मासा दमायच्या आधी हातात येतो.

रॉड घरी आला की पहिल्या दिवशी पाण्यावर जाऊ नका. मोकळ्या रानात जा, लुअरचे गळ काढून टाका आणि वेगवेगळ्या वजनांनी फेकून बघा. रॉड कुठल्या वजनाला सगळ्यात सहज फेकतो ते पंधरा-वीस मिनिटांत कळतं. तेच वजन पेटीत जास्त ठेवा. मग पुन्हा काटा बांधा, रॉड वाकवून धरा आणि रीलमधून दोरी सुटायला लागते तो आकडा बघत ड्रॅग लावा. शिवड्याला तीन किलो, जलपर्णीतल्या मरळीला चार. नटावर मार्करनं खूण करा. रात्री माशासमोर अंधारात चाचपडावं लागणार नाही. घरी गेल्यावर ड्रॅग सैल करून रील ठेवा, आणि पुढच्या खेपेला निघताना त्या खुणेवर परत आणा.